येडूची आरती

बर्फाच्या कारखान्यात यंत्रावर उमेदवारी करायला येडू सांगोल्याहून सोलापुरात आला, तो १९३४ च्या थंडीत. वय बावीस, खांद्यावर घोंगडी. आजवरचे आयुष्य मेंढरांमागे गेलेले. मी त्याच कारखान्याच्या कचेरीत होतो.

दुसऱ्याच आठवड्यात बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया वायूची नळी गळली. सगळे तोंडाला धोतराचा सोगा लावून बाहेर पळाले. येडू आत निवांतपणे डब्यांत पाणी भरत होता. शंकरप्पा मिस्त्रींनी त्याला दंडाला धरून बाहेर ओढले.

"वास आला न्हाय व्हय रं?"

"आला की. आमी मेंढरं कोंडतो त्या वाडग्यात रोज सकाळी असाच येतो."

माणसे खोकता खोकता हसली. मिस्त्री हसले नाहीत. "ज्येला ह्या वासाचं भ्या न्हाय, तो एक दिवस हितंच मरंल. उन्हाळ्यापतुर बघतो. न्हायतर जा परत मेंढरांकडं."

येडूला परत जायचे नव्हते. गंधकाची वात पेटवून सांध्याजवळ धरली की गळतीच्या जागी दाट पांढरा धूर उठतो, हे मिस्त्रींनीच त्याला शिकवले होते. नाकाचा भरवसा नाही म्हटल्यावर त्याने वात धरली. कामावर आला की आधी एकेका सांध्यापुढे ती फिरवायची.

"आरती झाली का, वाडगेबुवा? परसाद कुटं हाय?" लोक चिडवत.

चैत्रात बर्फ धरेना. यंत्र बंद केले तरी वास हटेना, आणि गळती कुठे ते कळेना. आत पाऊल टाकले की डोळ्यांची आग होई. मिस्त्रीसुद्धा दोनदा जाऊन परतले. मग म्हणाले, "येडू, घे तुजी आरती."

ओले फडके बांधून तो आत गेला. वास त्याच्या ओळखीचा, तो टिकला. टाकीमागच्या अडचणीतल्या झडपेपाशी धूर उठला. त्याने पान्याने झडप आवळली आणि तिथूनच ओरडला, "घावली, मिस्त्री!"

मिस्त्रींनी स्वतः वात फिरवून पाहिली. धूर नाही.

"पट्टा तूच चढव, चालू कर," ते म्हणाले. "यंत्र आता तुज्याकडं."

पुढच्या सुट्टीला येडूने बर्फाची एक लादी भुशात घालून घोंगडीत गुंडाळली आणि सांगोल्याची मोटार धरली. परतल्यावर कचेरीत येऊन सांगत होता, "नारळाएवढा बरफ उरला हुता, रावसाब. आईनं हात लावला अन् झटक्यात मागं घेतला. म्हनली, ह्ये तू केलंस? म्या म्हनलं, व्हय, म्याच!"