गेरूचं कडं

कुंड्यांना लावायला गेरू भिजवला, की त्या ओल्या वासानं मी थेट नववीत जाऊन पोचते. तेव्हा माझ्या पालथ्या हातावर बारीक, टणक पुळ्यांचं गोल कडं उठलं होतं. चुलतीनं ते निरखून पाहिलं. "नागीण हाय ही. तोंड न् शेपूट जुळलं की बाई." नागिणीची टोकं जुळली की माणूस वाचत नाही, असं आमच्याकडे मानत. तिनं कड्यावर गेरू फासला. पंचमीच्या फुगडीत एकही मैत्रीण माझा हात धरेना.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी गेरू पुसला आणि कड्यावरून उघडं बोट फिरवलं. "नागिणीची आग होते, गजकर्णाला खाज सुटते. हिला दोन्ही नाही. लहान वयात उठतं असं. कुणाला लागत नाही. वेळ लागेल, पण आपोआप जाईल."

दवाखान्याच्या अंगणात येताच चुलतीनं पदर खोचला. "मंग धर गं हात." सगळे पेशंट बघत होते आणि आम्ही फुगडी घालत होतो.

आज गेरूचे हात धुतल्यावर दोन्ही पालथे करून पाहिले. कडं कोणत्या हातावर होतं, ते काही केल्या आठवेना.