तारक्कांचा श्वसनसंस्थेचा तास

तारक्का वर्गात आल्या की आधी हजेरी घ्यायच्या नाहीत. एखाद्या मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या, दोन्ही पंजे तिच्या पाठीवर, बरगड्यांच्या खालच्या अंगाला टेकवायच्या आणि म्हणायच्या, "घे श्वास." पहिल्या दिवशी ती मुलगी मी होते. भीतीनं मी श्वासच रोखून धरला.

"अगे, घे की! हवा काय तुझ्या बापाकडनं मागून आणायचीय का?"

वर्ग हसला, माझी छाती फुगली आणि त्यांचे पंजे बाजूला सरकले. "बघा, बरगड्या अशा उघडतात. खाली छाती-पोटामधला पडदा उतरायलाय म्हणून हवा आत यायलीय. हवा आत ढकलावी लागत न्हाई, जागा केली की ती येते. माणसासारखीच हाय."

नाव तारामती. सरकारी दवाखान्यात उभी हयात सिस्टर म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर बीदरला मैलूरच्या बाजूच्या आमच्या खासगी नर्सिंग कॉलेजात शिकवायला आल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. जनवाड्याला भावाकडे राहायच्या आणि रोज बसनं यायच्या. पुस्तकं इंग्रजीत, आम्ही मुली मराठी नाहीतर कन्नड शाळेतून आलेल्या. त्या फुप्फुस म्हणायच्या, श्वासकोश म्हणायच्या, फेपडा म्हणायच्या. "कंच्याबी भाषेत म्हणा, पर चुकीच्या जागी हात ठेवू नका." घाई त्यांना मान्य नव्हती. नाकावरच त्यांनी कितीतरी तास घेतले. आतले केस, ओलावा, हवा गरम कशी होते, सगळं. आम्ही कंटाळायचो.

कॉलेज आणि त्याला लागून असलेला दवाखाना एकाच मालकाचा. ते स्वतः डॉक्टर, संस्थेचे अध्यक्षही तेच. पगारी नर्स ठेवण्यापेक्षा पहिल्या वर्षाच्या मुली वॉर्डात उभ्या करणं त्यांना सोयीचं पडायचं. कागदावर आम्ही शिकत होतो, प्रत्यक्षात दवाखाना चालवत होतो.

एका संध्याकाळी परिमळा वॉर्डात एकटी होती. ती औरादकडची, माझ्याच खोलीत राहायची. अर्धांगवायूचा झटका आलेले एक म्हातारे अर्धवट गुंगीत पडले होते. घरून पेज आली होती. परिमळानं इंचार्ज सिस्टरला फोन करून विचारलं, तर तिकडून उत्तर आलं, "दे पाजून." तिनं आडव्या माणसाला चमच्यानं पेज पाजली. म्हातारे खोकले, निळे पडले. पेज फुप्फुसात गेली होती. दोन-तीन दिवसांत ते वारले.

नातेवाईक अध्यक्षांच्या खोलीत येऊन भांडू लागले. आम्ही मुली व्हरांड्यात उभ्या होतो, दार सताड उघडं. अध्यक्ष म्हणाले, "मुलीची चूक झाली. तिला आम्ही काढून टाकतो." परिमळा कोपऱ्यात उभी होती. तेवढ्यात तारक्का आत शिरल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"चूक पोरीची न्हाई," म्हाताऱ्यांच्या मुलाकडे बघत त्या म्हणाल्या. "अण्णा, तिला एकटीला हितं ठेवलं त्यांची हाय." मग अध्यक्षांकडे वळून, "माझी पोरं अजून नाकातनं खाली उतरली न्हाईत डॉक्टर, अन् तुमी त्यांच्या हातात घास दिलाव?"

अध्यक्षांनी शांतपणे परिमळाच्या वडिलांना आत बोलावलं. ते बाहेरच बसलेले होते, शाळामास्तर, अब्रूला जपणारे. त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं, "मॅडमनीच असं पाजायला शिकवलंय म्हणून पोरीनं पाजलं."

परिमळानं वर पाहिलं. मग मान खाली घातली. हे उत्तर अर्ध्या तासापूर्वी बंद दाराआड ठरलं होतं. दवाखान्यावर बोट आलंच तर मॅडमचं नाव घ्या, पोरीचं वर्ष वाचेल, असं अध्यक्षांनी वडिलांना सांगून ठेवलं होतं. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

तारक्कांनी त्या मास्तरांकडे नुसतं पाहिलं. "व्हय का?" एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर्गात हजर. हातात पिशवी, पिशवीत खाटकाकडून आणलेली शेळीची फुप्फुसं, घशासकट. टेबलावर मांडली आणि मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या परिमळाला पुढे बोलावलं. आम्हाला वाटलं, आता हिचं काही खरं नाही.

"धर," त्या म्हणाल्या. तिच्या हातात श्वासनळी दिली, तिचं बोट घशाच्या आत नेलं. "ही एक गल्ली, पुढं दोन घरं. एक घासाचं, एक हवेचं. घास आला की हवेच्या घरावर हे झाकण पडतंय. माणूस शुद्धीवर नसला की झाकणाला भान राहत न्हाई. म्हणून आडव्या माणसाला पाजायचं न्हाई, गुंगीतल्याला तर न्हाईच. कळालं का?"

परिमळा रडायला लागली.

"रडू नकोस. आधी सांग, कळालं का?"

"व्हय मॅडम."

शिपाई दारात येऊन उभा राहिला. सायबांनी बोलावलंय म्हणाला. तारक्कांनी हात धुतले, पदराला पुसले आणि गेल्या. त्यांना परत येऊ दिलं नाही. त्यांच्या जागी कोणी आलंही नाही. उरलेला धडा आम्ही गाइडमधून पाठ केला.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीचं पथक यायचं होतं तेव्हा अध्यक्षांनी जनवाड्याला गाडी पाठवली. अनुभवी शिक्षिका म्हणून दिवसभर खुर्चीत बसायचं, बाकी काही नाही. मी योगायोगानं तेव्हा त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि सांगितलं, "सायबाला म्हणावं, खुर्ची हाय तशीच राहू द्या. पथकाला दिसू द्या रिकामी." गाडी गेल्यावर मला म्हणाल्या, "कामून बघायलीस अशी? दुसरी बाई मिळंल त्याला. मिळतेच." मिळालीही. कॉलेज पास झालं.

यंदा उन्हाळ्यात तारक्का हृदयविकारानं गेल्या. आता मी कलबुर्गीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. कॉलेजात शोकसभा आहे असं कळलं म्हणून रजा काढून गेले. मंचावर त्यांचा मोठा फोटो, खाली फ्लेक्सवर अध्यक्षांचा त्याहून मोठा. "मॅडम आमच्या घरच्याच होत्या," असं अध्यक्ष गहिवरून सांगत होते. परिमळा आता तिथंच शिकवते. ती पहिल्या रांगेत बसली होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

भाषण चालू असतानाच मागच्या दारातून एक सिस्टर आत आली आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना हातानं खुणावू लागली. पांढऱ्या कोटातल्या मुली एकेक करून वाकत बाहेर निघाल्या. एकीला मी हळूच विचारलं, "कुठं चाललीस गे?"

"वॉर्डात, अक्का. तिथं कुणीच न्हाई."