स्पेनच्या किल्ल्यातलं पेव

शाळा मी चौथीत सोडली, पण किल्ला कसा राखावा हे मला विचारा. चिखलीहून डोणगावला येताना एसटीत शेजारी तिशीची एक बाई बसली होती. मांडीवर लॅपटॉप, दातात ओढणीचं टोक. दुसऱ्या कोणी बनवलेल्या लढाईच्या कॉम्प्युटर खेळात ती आठशे वर्षांपूर्वीचा स्पेन, त्याचे किल्ले अन् सैन्य, नव्यानं बसवत होती. संध्याकाळी तो लोकांना खेळायला द्यायचा होता, अन् तिचा किल्ला दरवेळी पडत होता.

“काऊन पडते?” मी विचारलं.

“वेढा पडला की शत्रू कोठार जाळते, बाबा. सैन्य उपाशी मरते.”

“मंग धान्य वर कायले ठेवतं? जमिनीत पेव खण. माह्या बापाची ज्वारी पेवातच राहे. जाळून दाखव म्हणा!”

ओढणी दातातून सुटली. “तिकडंही असेच खड्डे होते, बाबा! वाचलं होतं, अन् टाकाले विसरली.”

मेहकर येईपर्यंत तिनं खेळातल्या किल्ल्यात पेव खणलं. किल्ला टिकला, तशी ती सीटवरच टाळ्या वाजवू लागली.

“नाव सांगा बाबा, पेवाले देते.”

“माहं नको. बापाचं दे, खणलं त्यानं.”

तिचं नाव विचारायचं राहिलंच. पण चिखलीच्या पुढं कधी न गेलेला माझा बाप आता स्पेनात धान्य राखतो.