मुंज्याचं ताट

माझी बायको गेली त्याला श्रावण लागेपर्यंत अर्धं वर्ष होऊन गेलं होतं, आणि तेवढे दिवस माझा देवाशी अबोला होता. देव्हाऱ्यात दिवा मी लावत होतो, तिनं लावलेली सवय म्हणून, पण हात जोडले तरी तोंडातून शब्द निघत नसे. तिच्या दुखण्यात मी इतकं काही मागून झालं होतं की पुन्हा काही मागायची लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर रागही होता. साखरखेर्ड्याला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली विहिरीची मोटार दुकानात आली की मी तिची तांब्याची तार सोडवतो, नवी भरतो आणि ती पुन्हा पाणी ओढायला लागते. माणसाचं तसं करता येत नाही हे कळायला मला फार उशीर लागला.

घरात मी आणि मुलगा, दोघंच. त्याला सोळावं लागणार होतं. आई गेल्यापासून तो रडला नाही, भांडला नाही, अभ्यासात मागे पडला नाही. नुसता गप्प झाला. विचारलं तेवढं उत्तर. आईचं नाव तर त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं. कुणी भेटायला आलं आणि तिचा विषय निघाला की तो पाणी प्यायला म्हणून उठायचा आणि मग दिसायचाच नाही. मला त्याची फार काळजी वाटायची, पण माझंही तेच होतं. त्याच्यासमोर तिचं नाव काढायची माझी छाती होत नव्हती. एका घरात दोन माणसं एकाच माणसासाठी झुरत होती आणि एकमेकांना तसं कळू देत नव्हती.

त्याचा वाढदिवस या वर्षी श्रावणातल्या शनिवारी आला. तिच्या हयातीत या दिवसाचं सगळं ठरलेलं असे. भल्या सकाळी त्याला तेल लावून न्हाऊ घालायचं, मग पाटावर बसवून ओवाळायचं. ओवाळून झालं की ज्योतीवरून हात फिरवून तो त्याच्या डोळ्यांना लावायची आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. नंतर तिघांनी देऊळगाव राजाला बालाजीच्या पायावर डोकं ठेवायला जायचं. मिसरूड फुटायला लागल्यावर पोरगा लाजायचा, "आता पुरे ना आई," म्हणायचा, पण पाटावरून उठायचा नाही. तो उन्हात हिंडून आला की ती त्याला म्हणायची, "काऊन मुंज्यासारखा हिंडतं रे?" आणि तो मुद्दाम केस विस्कटून तिला भेवडवायला जायचा.

यंदा मला एवढंच वाटत होतं की पोराला कुणीतरी ओवाळावं. त्याचा वाढदिवस कोरडा जाऊ नये. बहिणीला बोलावणार होतो, पण तो म्हणाला, "कोणाले बलावू नका बाबा. मले वाढदिवस करायचाच नाही." तरी मी सकाळी उठून शिरा केला. बुडाला थोडा लागला, पण वास बरा येत होता. ताटात निरांजन ठेवलं, सुपारी ठेवली, तिची अंगठी ठेवली. कुंकवाचा करंडा मात्र देव्हाऱ्यात सापडेना. पितळेचा लहानसा करंडा, तिच्या माहेरचा. मी फळ्या शोधल्या, डबे शोधले, पीठ-मिठात हात घालून पाहिलं. पोरगा दारात उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "राहू द्या ना बाबा," आणि शिऱ्याला हात न लावता पायात चपला घालून बाहेर जाऊन बसला. मी निरांजन पेटवलंच नाही.

मग मीच म्हटलं, चल, बालाजीला तरी जाऊन येऊ. दर्शनाची ओढ होती म्हणून नव्हे, तिचा शिरस्ता मोडू नये म्हणून. तो गाडीवर मागे बसला. दुसरबीडच्या अलीकडे मागचं चाक बसलं. गाडी ढकलत पंक्चरच्या टपरीपर्यंत नेली, तर ट्यूब पार फाटलेली निघाली. टपरीवाला म्हणाला, नवी ट्यूब गावातून आणावी लागेल, बसा तोवर. समोर रस्त्याच्या कडेला पिंपळाचा पार होता, तिथं आम्ही दोघं बसलो. मला त्या वेळी देवाचा इतका संताप आला होता की काय सांगू. म्हटलं, एवढंही तुला बघवलं नाही का? पोराला तुझ्या पायाशी घेऊन निघालो होतो, तर वाटेतच बसवलंस.

तेवढ्यात मागच्या वस्तीतून एक बाई आल्या. माझ्या बायकोपेक्षा वयानं थोड्या मोठ्या असतील. हातात ताट, ताटात पुरणाची लहान पोळी, उदबत्ती. पाराच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक गोटा होता, त्याच्यापुढे त्यांनी निवद ठेवला, पाणी फिरवलं आणि उठता उठता माझ्या पोराकडे बघत राहिल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, हे पोरगं तुमचं व्हय?" मी हो म्हटलं. मग त्यालाच विचारलं, "लगन तं नाही झालं न तुह्यं, बाबू?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. मला हसू आलं, खूप दिवसांनी आलं. बाई हसल्या नाहीत. त्यांना घाई होती. आमच्या भागात श्रावणातल्या शनिवारी कितीतरी घरांत मुंजा जेवू घालतात. घराण्यात कधी काळी बिनलग्नाचा गेलेला एखादा मुलगा असतो, तो मुंजा. तो पिंपळावर राहतो म्हणतात. त्याच्या नावानं एखाद्या बिनलग्नाच्या पोराला बोलावून, तेल लावून, न्हाऊ घालून, ओवाळून पोटभर जेवू घालायचं. बाईंनी सांगून ठेवलेला मुलगा सकाळीच मामासोबत गावाला निघून गेला होता आणि घरात स्वयंपाक करून ठेवलेला. त्यांच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ लहानपणी गेला होता, त्याचं हे ताट. त्याला पाहिलेलं माणूस आता घरात कुणी उरलं नाही, असं त्याच म्हणाल्या.

मला वाटलं, आता या बाई आपलं गाव, कूळ, आडनाव विचारणार. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "सकायपासून काही खाल्लं का रे? मुंज्या उपाशी लागते." पोरानं नाही म्हणून मान हलवली. माझा शिरा मला आठवला. तो खाल्ला असता तर हे बोलणं तिथंच संपलं असतं. मी पोराच्या तोंडाकडे बघत होतो, आता हा नको म्हणणार. बाई म्हणाल्या, "नाही म्हणू नको, बाबू. घरचा देव उपाशी राहीन." त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "बाबा, जाऊ?" मी म्हटलं, "जा. मी पण येतो."

घर जवळच होतं. मी ओट्यावर टेकलो, दार उघडंच होतं. आतल्या अंगणात न्हाणीपाशी त्याला बसवून त्या डोक्याला तेल लावत होत्या. चांगलं चोळून, कानामागं, मानेवर. मला त्याची फक्त पाठ दिसत होती. सहज बोलल्यासारखं त्यांनी विचारलं, "माय नाही आली वाट्टे संगं?" मला वाटलं, आता हा उठेल, पाणी प्यायला म्हणून उठेल आणि दिसायचा नाही. तो उठला नाही. म्हणाला, "आई नाही आता." हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. बाईंनी अरे रे केलं नाही, देवाची मर्जी म्हणाल्या नाहीत. त्यांचा हातही थांबला नाही. तेल संपलं तशी वाटीतलं आणखी घेतलं आणि चोळत राहिल्या. मी ओट्यावर बसून तोंडाला उपरणं लावून रडलो. मला तिची इतकी आठवण येत होती की ती आतच कुठंतरी काम करत असेल आणि आता बाहेर येईल असं वाटत होतं.

मग रांगोळीच्या पाटावर बसवून त्यांनी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठी फिरवून ओवाळलं. समोर पान वाढलेलं होतं, पुरणपोळी, कढी, भजी, वाटीत खीर. तो पुरणपोळीवर तूप मागून घेऊन जेवला. घरी वाढलेलं अर्धं टाकून उठणारा माझा मुलगा परक्या घरात मागून खात होता. जेवण झाल्यावर रीतीप्रमाणे बाईंनी त्याच्या पायांवर पाणी घातलं आणि पाया पडायला वाकल्या. त्या दिवशी मुंजा देवच असतो. तर हा झटकन बाजूला झाला आणि त्यानंच वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

बाई गडबडल्या. "काय करून राह्यला? मुंज्या पाया पडत नसते, बाबू!"

तो तसाच वाकलेला. म्हणाला, "आज माहा वाढदिवस हाय, काकू. वाढदिवसाले पाया पडा लागते."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी मान हलवली. मग त्यांनी विझत आलेल्या निरांजनात तूप घातलं, वात पुढे सारली. "बस पाटावर," म्हणाल्या. "ते मुंज्याचं होतं. आता हे तुह्यं." आणि त्यांनी त्याला पुन्हा ओवाळलं. ओवाळून झाल्यावर ज्योतीवरून हात फिरवून त्याच्या डोळ्यांना लावला आणि कानशिलांवर बोटं मोडली. आपल्याकडे बाया असंच करतात हे मला ठाऊक आहे. तरी सहा महिन्यांत पहिल्यांदा मी मनातल्या मनात देवाशी न चिडता बोललो. मागितलं काहीच नाही. नुसतं म्हटलं, हे बघतो आहे मी.

गाडी तयार झाली होती. मी म्हटलं, अजून वेळ आहे, बालाजीला जाऊन येऊ. पोरगा म्हणाला, "आता काऊन? घरी जाऊ." निघताना बाईंना काय द्यावं ते सुचेना. त्या म्हणाल्या, मुंज्याच्या घरच्यांकडून काही घेत नसतात. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, आणि नंतर मला ते बरंही वाटलं. दर श्रावणी शनिवारी जिला हात जोडायचे ती अशीच बिननावाची असलेली बरी.

वाटेत पाठीमागून तो बोलला. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही म्हणून मी गाडी हळू केली. "बाबा, करंडा माह्याजवळ हाय. दप्तरात." पुढे म्हणाला, "त्याले आईच्या हाताचा वास येते." मग खांद्यावर त्याचा हात आला आणि घरापर्यंत तिथंच राहिला.

हा चमत्कार होता की नाही ते मला ठरवायचं नाही. चाक बसलं, एक मुलगा मामासोबत गेला, एक उपाशी राहिला, एवढंच घडलं. मी मात्र आता वाटेत अडकलो की चिडत नाही, पारावर निमूट बसतो. जो कधीच येणार नाही हे माहीत असूनही त्याचं ताट वाढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या ताटावर माझं लेकरू पोटभर जेवलं आहे. त्या संध्याकाळी पोरानं करंडा आणून देव्हाऱ्यात तिच्या जागी ठेवला. दिवा लावताना मी झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळाकडे नेलं. टिळा वाकडा झाला. "आता पुरे ना, बाबा," तो म्हणाला, आणि जागचा हलला नाही.