सुईचा हट्ट

मी शेळगावात डॉक्टर असताना एक आबा तापलेल्या नातीला घेऊन आले. "सुई मारा," त्यांनी हट्टच धरला.

मी तिला नीट तपासलं. घसा थोडा लाल होता, श्वास मात्र साफ होता. "साधा सर्दीताप आहे, आबा. सुई नको."

"हिच्या भावाच्या येळी आमी बी साधाच ताप म्हणालो. त्यो गेला."

मी तापाचं औषध पाजलं आणि दोघांना दुपारपर्यंत बाकावर बसवून घेतलं. आबांनी तिच्या छातीवरचा हात काढलाच नाही. ताप उतरला, तिनं बिस्किट मागितलं, तेव्हा ते तोंड फिरवून रडले.

"श्वास जोरात चालला तर लगेच आणा. नाहीतर निवांत झोपा."

"झोप न्हाय यायची," आबा म्हणाले. "पण हिला घरी नेतोय, लई झालं."