वासंतीचे स्केट्स

वासंती कुठल्याही खोलीत शिरली की आधी फरशीकडे बघायची. फरशी ओली आहे का, पायपुसणं दुमडलंय का, एखादी वायर आडवी गेलीय का, हे सगळं तपासून झालं की मग मान वर करून म्हणायची, "हं, बोल." ऑफिसात ती आली त्या पहिल्या दिवशी मी हसून तिचं स्वागत केलं, तर ती माझ्या पायांशी सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बाई शिष्ट दिसते. पुढे कळलं की तिला पडायची भीती वाटते.

आमचं काम विम्याच्या दाव्यांचं. दिवसभर आमच्या टेबलांवर माणसं पडत असायची. कुणी जिन्यावरून, कुणी मोरीत, कुणी बसमधून उतरताना. मी ते वाचता वाचता चहा पिऊ शकायचे. वासंतीचा चहा मात्र गार व्हायचा. "बघ, नुसतं पायपुसणं," असं म्हणून ती फाइल माझ्यापुढे सरकवायची, "आणि माणूस कायमचा आडवा." मी गिरगावची, जन्माची फटकळ. तिला म्हणायचे, "वासंती, तू फाइल वाचतेस की भोगतेस?" पण खरं सांगते, तिच्या संगतीत मीही जिना उतरताना कठडा धरायला लागले होते.

ही भीती तिने लालबागच्या चाळीतून आणली होती. गिरण्यांचा संप झाला तेव्हा ती शाळेत होती. वडिलांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही आणि वडील घरी बसले ते बसलेच. आई एका खानावळीत चपात्या लाटायला जाऊ लागली. दवाखाना परवडणारा नव्हता, म्हणून आईने घरात कायदा करून टाकला, कुणी पडायचं नाही. मुलं जिन्यावरून धावली की वरून तिचा मालवणी आवाज यायचा, "पडलंस तर सगळां संपलां, चेडवा." चपला घ्यायच्या त्याही एक नंबर मोठ्या. पुढची जोडी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून वाढत्या मापाच्या. वासंतीचं वाढायचं वय उलटून गेलं तरी ही सवय काही गेली नाही. कॉरिडॉरमधून ती यायच्या आधी तिच्या सैल चपलांची फटफट यायची.

पुढे ही आईच मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. आईने पाय जमिनीला लावला नाही. "दोन्ही बाजूंनी धरलं तरी खाटेची कड सोडायची नाही," वासंती सांगायची. "थरथरायची गं नुसती." दोन वर्षं ती अंथरुणावर होती, आणि तिथूनच गेली.

त्याच सुमारास आमचं ऑफिस फोर्टातून लोअर परळच्या नव्या इमारतीत आलं. खाली तोंड दिसेल असा ग्रॅनाइट. पावसाळ्यात त्यावर सगळ्यांच्या छत्र्यांचं पाणी गळायचं, आणि वासंती दारातूनच मागे फिरून रजा टाकायची. पुढच्या उन्हाळ्यात साहेबांनी तिला बोलावून स्पष्टच सांगितलं, यंदा असं चालणार नाही, जमत नसेल तर दुसरीकडे बघा. घरात कमावणारी ती एकटी. त्या दुपारी तिने डबा उघडला नाही. "माझी आई होणार गं मी," ती म्हणाली. "मला दिसतंय." ते मलाही दिसत होतं.

त्या रविवारी मी तिला ओढून वरळीला समुद्रावर नेलं. तिथे आमच्याच वयाची एक बाई, पंजाबी ड्रेस घातलेली, पायात एका रांगेत चाकं असलेले स्केट्स, डुगडुगत चालली होती. आमच्यासमोर ती पडली. उठली, गुडघे झटकले, आणि निघून गेली. वासंती बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी फाइल उघडता उघडता ती म्हणाली, "मला ते घ्यायचेत. मला एकदा पडून बघायचंय." मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मी दहा कारणं सांगितली, सगळी आमच्या फाइलींतलीच. ती म्हणाली, "ती मला पाठ आहेत. तू येणार का ते सांग."

ऑफिसजवळच्या मॉलमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान होतं. तिथली मुलगी वरळी कोळीवाड्यातली, मोठी चटपटीत. "मुलीसाठी हवेत का, ताई?" तिने विचारलं. "मलाच," वासंती म्हणाली, आणि लगेच, "एक नंबर मोठे दे."

"मोठे कशाला?"

"पाय वाढतो."

"आता? काय ताई, मस्करी करता काय?" मुलगी हसली. वासंती हसली नाही. मग मुलीने दोन्ही मापं काढली आणि आधी मोठं चढवलं. वासंती उभी राहिली मात्र, आतल्या आत टाच उचलली गेली, घोटा कलला, आणि तिने माझ्या गळ्यालाच मिठी मारली. तिचं काळीज माझ्या खांद्यावर धडधडताना मला कळत होतं. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. मुलीने तिला खाली बसवलं आणि बरोबर मापाचे स्केट्स चढवले. "हे बायकांच्या पायाचे, टाचेला अरुंद. नव्या माणसाला बूट आतून मऊ पायजे, पण घोटा घट्ट. चाकं लहान घ्या, वेग कमी राहतो. ब्रेक हा मागे. आणि ताई, बोटं सोडा की. आवळून का धरलीत?"

वासंतीला ठाऊकच नव्हतं की ती बोटं आवळते. सैल चपला पायात टिकवायच्या तर आवळावीच लागतात, आणि लहानपणापासून ती तशीच चालत आली होती. तिने बोटं सोडली. हळूहळू उभी राहिली. "अगं, हा पाय धरून ठेवतो," ती माझ्या कानात म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही सकाळीच वरळीला गेलो. गुडघ्यांना, कोपरांना, मनगटांना पट्टे, डोक्यावर हेल्मेट. मी तिचे दोन्ही हात धरून उलटी चालत होते आणि मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "सोड." मी सोडले नाहीत, तर तिनेच ओढून घेतले. चार हात पुढे गेली असेल, चाक फरशीच्या फटीत अडकलं आणि ती गुडघ्यांवर, मग हातांवर, मग कुशीवर पडली. मी धावत जाऊन तिच्याशी वाकले.

ती हलत नव्हती. मग तिने एक मनगट फिरवून पाहिलं. दुसरं फिरवलं. गुडघा वाकवला.

"पडले ना गं मी?"

"हो."

"एवढंच असतं?"

मला हसू फुटलं. मग पाहिलं तर ती रडत होती. "आईला कळायला हवं होतं गं," ती म्हणाली. "दोन वर्षं ती एवढ्यालाच भीत होती."

त्या पावसाळ्यात वासंती रोज कामावर आली. ग्रॅनाइटवरून चालताना घाबरायचीच, पण चालायची. नंतर बरीच वर्षं आम्ही शेजारी बसून माणसांचं पडणं वाचत राहिलो, आणि मग तिला पोटाचं दुखणं लागलं, ज्याच्यावर फार काही करण्यासारखं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या खाटेशी बसले होते. भीती मलाच इतकी वाटत होती की माझ्या तोंडून नको तोच प्रश्न निघून गेला.

"भीती वाटतेय का गं?"

"वाटतेय ना," वासंती म्हणाली. "पण तेव्हाही खाली टेकेपर्यंतच वाटली होती."