आधीच्या डब्यावरची गळती

"गळती! अरे, देवाची गळती कुठं हाय? कोणी नेली रे?"

आमचा गुरव नदीकाठच्या महादेवाच्या देवळातून ओरडत होता आणि सावित्रीच्या पलीकडच्या काठावरच्या म्हशी दचकून उभ्या राहत होत्या. हा माणूस नुसता खाकरला तरी महाडच्या बाजारात दुकानदार फळ्या लावायला धावत. या माणसाला रामनवमीचा पाळणा म्हणायला बसवला असता तर मला पुढचा सगळा उपद्व्याप करावाच लागला नसता. पण त्याचा सूर असा होता की रामाने जन्म पुढच्या वर्षावर ढकलला असता.

"पिंडी कोरडी ठणठणीत पडलीय! चैताचं ऊन, आणि महादेवाच्या डोक्यावर थेंब नाय! सापडू दे तो हरामखोर!"

तो हरामखोर मी. त्या वेळी मी रामाच्या देवळापुढच्या मांडवात, खांबाला आडवा बांबू बांधून त्याला तीच गळती टांगत होतो. उन्हाळ्यात पिंडीवर टांगतात ते तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं. थेंब पडतो, थांबतो, पुन्हा पडतो. देवाची उष्णता उतरते. माझ्याकडे त्या दिवशी देवापेक्षाही तापट वस्तू होती.

गोष्ट अशी. रामाचा पाळणा म्हणायचा मान आमच्या घराकडे. माझ्या वडिलांचा आवाज एके काळी इतका खणखणीत होता की ते पाळणा म्हणू लागले की कुडपणच्या पठारावर आयाबाया आपापली पोरं झोळीत घालत. हे मी पाहिलेलं नाही, वडिलांनीच सांगितलंय. पण एका पावसाळ्यात त्यांना ताप आला, तो गेला आणि जाताना आवाज घेऊन गेला. उरलं ते तांदूळ पाखडल्यासारखं काहीतरी.

गावातलं कोणी बोललं नाही. बोलली ती माझी आत्या, वडिलांची सख्खी थोरली बहीण. ती पोलादपुरात दिलेली, पण रामनवमीला माहेरी येणार म्हणजे येणार आणि मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसणार. मागल्या वर्षी सुंठवडा वाटत असताना तिने भर मांडवात सांगितलं, "दोन वर्षं झाली, मला एक अक्षर ऐकू आलं नाय. माझा भाऊस तोंड हलवतो नि मी आपली पाळण्याची दोरी बघत बसते."

झालं. गावकी बसली. ठरलं की यंदा शेवटच्या खांबाशी आत्याला पाळणा ऐकू आला तर मान आमच्याकडे, नाही आला तर पेटी वाजवणाऱ्या शाळामास्तरांकडे. वडील रोज संध्याकाळी नदीवर जाऊन एकटेच म्हणत बसू लागले. मला फक्त एकदा म्हणाले, "गेला तर गेला मान. पण त्या दिवशी मी मांडवात नसणार. कुठं जाईन ते विचारू नको."

तेव्हा मी मुंबईत एका ग्रामोफोन आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतो. गावाला मी इंजिनिअर म्हणून माहीत होतो. दुकानात मी झाडू मारायचो, पण झाडू मारताना माणसाचे डोळे उघडे असतातच की. मालकाने भंगारात काढलेला एक भोंगा आणि त्याला आवाज पुरवणारं एक मोठं यंत्र मी मागून घेतलं. त्या यंत्राचा पुढचा भाग जळाला होता. माणसाचा आवाज मायक्रोफोनमधून येतो तो मुंगीएवढा. त्याला आधी उचलून, अंग झाडून, धीर देऊन मग मोठ्या यंत्राकडे पाठवावं लागतं. हे काम करणाऱ्या डब्याला आता प्रीअँप्लिफायर म्हणतात. आम्ही त्याला आधीचा डबा म्हणत असू.

तो मी गावी येऊन घरच्या घरी बांधला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात रेडिओचे दोन काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह. विजेला अडवायला पेन्सिलींची शिसं. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद आणि पातळ कागद एकावर एक गुंडाळून, कुडपणहून आणलेल्या मधाच्या मेणात बुडवून वीज साठवायचे कंडेन्सर केले. मायक्रोफोन एका मेलेल्या टेलिफोनचा. बॅटरी पोलादपूरच्या सर्व्हिस मोटारीची. ड्रायव्हर दिवसभर मोटार चढावावरच उभी करायला कबूल झाला. उतरताना ती आपोआप चालू व्हायची आणि चढताना उतारू ढकलायचे.

पहिल्या चाचणीला मी "हॅलो" म्हणालो तर आमच्या परसातले कावळे जे उठले ते दासगावला जाऊन बसले. वडिलांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वर्षभरात पहिल्यांदा दुसरी भाकरी मागितली.

पण पान खाऊन थुंकेपर्यंतच ही मौज. दिवे तापले, बंद डब्यात भट्टी झाली आणि मेण वितळलं. भोंग्यातून आधी रेड्याचा आवाज आला, मग बेडकाचा, मग काहीच नाही. त्या वर्षीचं ऊन असं की सावित्रीतले मासे दुपारी काठावरच्या जांभळीखाली येऊन बसायचे. आणि रामाचा जन्म नेमका भर बारा वाजता.

मी नवं मेण भरलं आणि थंडाईच्या मागे लागलो. झाकण उघडून आईला सुपाने वारा घालायला बसवली, तर सुपाचा वारा मायक्रोफोनमध्ये शिरून घरात वादळ झालं. ओलं गोणपाट गुंडाळलं, ते आमच्या पाड्याने ओढून खाल्लं. आईने तर डब्याला उष्णता झालीय म्हणून त्याच्यापुढे कोकमाचं सरबत ठेवलं. ते मी प्यालो.

मग रामनवमीच्या आदल्या दिवशी महादेवाला गेलो आणि डोळ्यांसमोर उत्तर टांगलेलं दिसलं. ठप्. ठप्. ठप्. जो जगाला जाळतो तो तिथे गारेगार बसला होता.

घरी येऊन डब्याचं झाकण काढलं. दिव्यांवर आईची तांब्याची गोल वाटी उपडी घातली, कडेने पत्रा वाकवून बसवला, खाली पाणी वाहून जायला पन्हळ असलेली पितळी परात ठेवली. वर थेंब पडला की तांबं गार, आत सगळं कोरडं. सकाळी गुरव आंघोळीला गेल्यावर गळती उचलली. फक्त एक गोष्ट माझ्या इंजिनिअरच्या डोक्यात आली नाही. खाली पन्हळीची परात, मध्ये काळपट गोल वाटी, वरून ठिबकणारी गळती. ती वस्तू बघून कोणाला काय वाटेल?

गुरव ओरडत मांडवात पोचेपर्यंत डब्यावर तीन बेलाची पानं, हळदकुंकू आणि कोणाचं तरी जास्वंद होतं. पुढे सात नारळ. दोन बायका हात जोडून उभ्या.

"हा कधी आला गो?" एक विचारत होती.

"मुंबईहून आणलाय म्हणे," दुसरी म्हणाली. "नीट नमस्कार कर."

गुरवाने आधी गळती बघितली, मग मला बघितलं. माझी मानगूट धरायला त्याने हात उचलला आणि तेवढ्यात त्याची नजर नारळांवर गेली. हात हवेतच राहिला. मग तो हळूच खाली आला आणि एका नारळावर टेकला.

"देवापुढचं गुरवाचं," तो म्हणाला.

"हा देव नाय, गुरवकाका. यंत्र हाय."

"मग गळती काढू?"

"देव हाय," मी म्हणालो.

गुरव मांडी घालून डब्याशेजारी बसला. त्या बैठकीत इतका हक्क होता की पुढे आलेल्यांना तो अंगारासुद्धा लावू लागला. मी म्हटलं, बरं झालं, राखण झाली. फक्त त्याला बजावलं, "थेंब थेंबच पडू द्या. जास्त नाय."

"मला शिकवतोस रे? माझ्या आज्यापासून आम्ही पाणी घालतो."

बारा वाजले, रामजन्म झाला, आता पाळणा. मांडव गच्च. शेवटच्या खांबाला आत्या टेकलेली, शेजारी गावकीची दोन माणसं, साक्षीला. शाळामास्तर पेटी पुढ्यात घेऊन, नम्रपणे, भाता उघडून. वडिलांनी टेलिफोनचा तो तुकडा तोंडापाशी धरला. डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली.

भोंगा असा गरजला की पाळणा आपणहून हलला. महाडच्या कोर्टात म्हणे एका साक्षीदाराने उभ्या उभ्या हात जोडले. मांडवात सगळ्यांचे जबडे खाली. मास्तरांनी भाता मिटला.

वरून फुलं पडली आणि आमच्या गुरवाचं भान सुटलं.

"हर हर महादेव!" म्हणत त्याने शेजारची भरलेली कळशी उचलली आणि सबंध डब्यावर उपडी केली. आज्यापासूनची सवय. आनंद झाला की अभिषेक.

पत्र्याच्या कडेने पाणी आत शिरलं आणि फस्स झालं. वाफेचा एक बारकासा ढग वर गेला. गुरवाने त्यालाही नमस्कार केला. भोंगा एकदा बेडकासारखा बोलला आणि मेला.

हे मला कळलं. गुरवाला माझ्या तोंडाकडे बघून कळलं. वडिलांना कळलं नाही. ते डोळे मिटून मेलेल्या टेलिफोनमध्ये दुसरी ओळ म्हणत होते, तांदूळ पाखडल्यासारखी. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुजबूज सुरू होणार, पोरं रडणार, बांगड्या वाजणार, दर वर्षी व्हायचं तेच होणार.

तेव्हा मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं इंजिनिअरिंग केलं. एक बोट ओठांवर ठेवलं. दुसऱ्या हाताने डब्याचं बटण धरलं आणि केसाएवढं, अगदी केसाएवढं फिरवू लागलो. चेहरा असा केला की यंत्र आता फार नाजूक कामात आहे, कोणी श्वास सोडला तरी फुटेल. गुरव पक्का. त्यानेही दोन्ही हात पसरून लोकांना दाबल्यासारखं केलं.

मांडव गप्प झाला. गप्प म्हणजे काय! भोंगा आता बोलेल, मग बोलेल म्हणून चारशे माणसं श्वास धरून बसली. आयांनी पोरांच्या तोंडांवर हात ठेवले. दासगावहून परत आलेले कावळे देवळाच्या पत्र्यावर चोच मिटून बसले. त्या शांततेत पाळण्याची दोरी कुरकुरत होती आणि तिच्यावरून वडिलांचा आवाज एकेका माणसाला चुकवत मागे मागे चालला होता. नऊ कडवी. मी नऊही कडवी बटण फिरवलं. ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं.

पाळणा संपला. वडिलांनी डोळे उघडले ते थेट शेवटच्या खांबाकडे बघत. गावकीची दोन माणसंही तिकडेच वळली. मी सुंठवड्याचं ताट उचललं, लोकांना तुडवत मागे गेलो आणि आत्यापुढे धरलं.

"आत्या, आलं का ऐकू?"

तिने चिमूटभर सुंठवडा घेतला, तोंडात टाकला, नीट चावला.

"आलं," ती म्हणाली. "तिसऱ्या कडव्यात चुकला."